मांडवाखालचा रस्ता

संदेशचा पडलेला दात रुमालात घेऊन आसावरी पोलीस चौकीत गेली, तर तिथल्या हवालदाराने पहिला प्रश्न काय विचारावा? "मॅडम, हा दात कुणाचा?"

आता बोला! ज्याचा दात तो तिच्या शेजारीच उभा होता. वरचा ओठ फाटून लोंबत होता, डावा डोळा सुजून बंद झाला होता आणि शर्ट रक्ताने छातीला चिकटला होता. सकाळी अकरा वाजता, भर उन्हात, चिंचखारच्या गल्लीत पाच जणांनी त्याला डंपरच्या केबिनमधून कॉलर धरून खाली खेचलं होतं. तो 'अरे, ऐका तरी' म्हणेपर्यंत लाथा सुरू झाल्या. एकाने पेव्हर ब्लॉक उचलून गाडीची काच फोडली. का? तर म्हणे गाडीचा आरसा मांडवाच्या कापडाला घासला.

"हळदीचा मांडव आहे तो," हवालदार म्हणाला. "लग्नाच्या मांडवाला आपण हात लावत नाही, मॅडम. उद्या अख्खं गाव रस्त्यावर आलं तर निस्तरणार कोण? एनसी लिहून घेतो, साधी अदखलपात्र नोंद."

"लग्न सहा तारखेला झालं. आज नऊ. नवरी सासरी जाऊन माहेरी परतसुद्धा आली. मांडव कुणासाठी उभा आहे?"

"ते त्यांना विचारा."

आसावरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशी ती जायला फार वेळ लागत नसेच. कोपरीच्या घरी आई म्हणायची, ही बोलायला लागली की मांडणीवरची भांडी वाजतात. सोळा वर्षं बंद कारखान्यांची घाण उपसण्यात घालवलेली इंजिनियर बाई, शंभर बाप्यांत उभं राहून ओरडायची सवय. पण चौकीत ओरडून दात काही परत बसत नाही. संदेशला टाके घालायला दवाखान्यात सोडलं आणि ती साइटवर परत आली.

चिंचखार हे गाव मोहन्याच्या पुढे, नदीच्या अंगाला. गावामागे कापडाचे रंग बनवणारी एक कंपनी होती, ती पंधरा वर्षांपूर्वी बंद पडली. मालक कुठे गेला ते देवाला ठाऊक. माती मात्र मागे राहिली. जांभळी, तेलकट माती. हातात घेतली तर तीन दिवस रंग जात नाही, आणि वास असा की जेवण नको होतं. ती सगळी खणून काढायची, डंपरमध्ये भरायची आणि अशा विषारी मालासाठी केलेल्या लांबच्या जागी नेऊन टाकायची, हे आसावरीच्या कंपनीचं काम. हुकूम होता एकतीस मेपर्यंतचा. त्यानंतर पाऊस. एकदा त्या उघड्या खड्ड्यात पाणी भरलं की विष नाल्यात, नाल्यातून विहिरींत.

चौदाशे खेपांपैकी सहाशे झाल्या होत्या. आठशे उरल्या होत्या. रोज छत्तीस केल्या असत्या तर काम बसत होतं. पण गाड्या न्यायच्या कुठून? साइटच्या एका बाजूला रेल्वेची भिंत, दुसऱ्या बाजूला चिखलाचा नाला, आणि उरली ती गावातून जाणारी गल्ली. दीडशे मीटर लांब, दोन्हीकडे घरं, अरुंद जागी साडेनऊ फूट. डंपर साडेआठ फुटांचा. एक गाडी आत असली तर समोरून सायकलसुद्धा येऊ शकत नाही. आणि त्याच गल्लीच्या मधोमध, इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत, उत्तमने मांडव ठोकला होता.

उत्तम हा गावातला दादा. सकाळ-संध्याकाळ लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात बसायचा, गळ्यात चेन, हातात दोन फोन. लग्न त्याच्या लांबच्या चुलतबहिणीचं होतं, खरंच होतं, त्यात खोट नाही. पण लग्न उरकल्यावर मांडव काढायचं नाव नाही. वडापावच्या गाडीवर तो उघड सांगायचा, "एकतीस तारीख जाऊ दे. बाईचं काम कॅन्सल होईल. मग खड्ड्यात डेब्रिज टाकू, वरून रोलर फिरवू, आणि बिल्डर तयार आहे. कोण खणून बघतोय खाली काय आहे?"

तर असा सगळा मामला. आसावरीला पाहिजे होता तो वेळ. साठ दिवस.

ती हुकूम देणाऱ्या कल्याणच्या सरकारी कार्यालयात गेली. तिथले साहेब शांत माणूस, चहा पाजणारा, नाही म्हणताना हसणारा.

"बाई, 'रस्ता मिळत नाही' हे कारण सगळेच देतात," ते म्हणाले. "मला रेकॉर्डवर पाहिजे. पंचनामा करा. जागेवरचे फोटो, दोन स्थानिक पंचांच्या सह्या. रस्ता कुणी अडवला, कशाने अडवला, कधीपासून. मग मुदतवाढीचं बघू."

एक पंच तर तयारच होता. संदेश मोहन्याचाच, त्याने सुजल्या तोंडाने सही केली. पण दुसरा पंच चिंचखारमधला पाहिजे होता, आणि चिंचखारमध्ये उत्तमच्या विरोधात सही कोण करणार? आसावरी दोन दिवस दारोदार फिरली. लोक पाणी द्यायचे, बसायला खुर्ची द्यायचे, आणि कागद बघितला की घरात कुणीतरी आजारी पडायचं.

शेवटी सखाराम स्वतःच आला. गेटला लागून त्याचं घर, सत्तरीचा एकटा म्हातारा. साइटच्या उताराला त्याची भेंडीची वाडी आणि विहीर. विहिरीचं पाणी दहा वर्षांपासून फिकट जांभळं. आणि तो कोण? तर उत्तमचा सख्खा काका.

"बाय, माजा नाव लिव," तो म्हणाला. "मी सही करतंय."

"काका, पुतण्या आहे तुमचा. विचार करा."

"धा वर्सा इचारच केला. माजी बायको त्याच इहिरीचा पानी पिऊन गेली. डागदर सांगतो पान्याचा काय संबंद नाय. नसंल. पन मना ती माती तिथशी गेलेली बगायची हाय. पावसाच्या आदी." त्याने पेन घेतलं आणि एकेक अक्षर दाबून लिहीत सही केली.

त्या रात्री, नाही, संध्याकाळीच, आसावरीने कोपरीला घरी बसून अर्ज लिहिला. काय अर्ज होता! मोजमापं, नकाशा, फोटो, खेपांचा हिशेब, शेवटी 'सबब, साठ दिवसांची मुदतवाढ मिळावी ही विनंती.' सोबत पंचनामा, पंचांच्या नावापत्त्यासह. आणि अर्ज संपल्यावर, सोळा वर्षांच्या सवयीने, तळाशी 'प्रत माहितीसाठी' लिहून चार नावं टाकली. आपल्याकडे पत्राखाली प्रती लावल्या नाहीत तर पत्र पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही. त्यातलं चौथं नाव होतं स्थानिक लोकप्रतिनिधींच्या जनसंपर्क कार्यालयाचं. त्या कार्यालयात टेबलाशी कोण बसतो हे तिला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. पण बोटं आपली सवयीने टाइप करत गेली. तेरा तारखेला चारी प्रती रवाना झाल्या.

सतरा तारखेला सकाळी नऊच्या सुमाराला ती साइटवर मातीचे नमुने घेत होती. उताराकडून ओरडणं ऐकू आलं. आधी वाटलं, कुणीतरी गुरं हाकतंय. मग तिने आवाज ओळखला आणि ती मातीच्या ढिगाऱ्यावर चढली.

खाली भेंडीची वाडी आडवी झाली होती. एक जण अजूनही काठीने झाडं झोडत होता. विहिरीच्या कठड्याशी दोघांनी सखारामला गुडघ्यावर बसवलं होतं. त्याचा उजवा हात ताणून कठड्यावर धरला होता, पंजा सपाट. उत्तमच्या हातात बांबू होता, त्याला अजून पिवळ्या कापडाची चिंधी लटकत होती.

"उत्तम!" आसावरी किंचाळली. "उत्तम, थांब!"

त्याने वर पाहिलंही नाही. बांबू खाली आला. सखारामचा आवाज तिला पोहोचला तो बांबू दुसऱ्यांदा वर गेल्यावर. तीन वेळा. ती ढिगाऱ्यावरून घसरत, गेटला वळसा घालून, धावत खाली गेली तोवर ते लोक निघाले होते. सखाराम कुशीवर पडला होता. उजव्या हाताची तीन बोटं भलत्याच दिशेला वळली होती आणि एका बोटाचं हाड पांढरं बाहेर आलं होतं. तो ओरडत नव्हता आता. नुसता तोंडाने श्वास घेत होता.

उत्तम जाता जाता थांबला. खिशातून फोन काढून तिच्यासमोर धरला. पडद्यावर तिचाच अर्ज, तिचीच सही, खाली तिनेच टाकलेली चार नावं.

"मॅडम, तुमची प्रत आली. माहितीसाठी," तो म्हणाला. "माहिती मिळाली."

आसावरी सखारामपाशी खाली बसली. मारणारा उत्तम, पण नाव-पत्ता तिने दिला होता. शिक्का मारून, रजिस्टर पोस्टाने.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं तर सखाराम म्हणाला, "इहिरीवर परलो." पोलीस आले, त्यांनाही तेच. आसावरीला राहवेना. पोलीस गेल्यावर तिने पलंगाशी बसून सगळं सांगितलं, प्रत कुणाला गेली, कुणी पाठवली, का पाठवली. का, तर सवयीने. आणि बोलता बोलता ती रडायला लागली, मोठ्याने, वॉर्डातले लोक बघतायत याची पर्वा न करता.

सखारामने मान तिच्याकडे वळवली.

"तू मुद्दाम केलास कं?"

"नाही हो, काका."

"मंग झाला. रडू नको."

"पण तुम्ही त्याचं नाव का सांगत नाही? हात मोडला त्याने तुमचा!"

"भावाचा पोर हाय. मी खांद्यावर घेऊन जत्रंत फिरवलाय त्याला. मना काय ठावं, तोच..." तो थांबला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण दांड्याला खांद्यावर खेळवलेल्याने ते कसं म्हणावं? "तू गाऱ्या कार, बाय. पावसाच्या आदी कार. येवराच कर." गाड्या काढ, एवढंच त्याचं मागणं.

ती कल्याणच्या साहेबांकडे गेली. फोटो दाखवले. साहेबांनी चष्मा काढून पुसला, खरंच हळहळले. मग म्हणाले, "पोलिसांत काय नोंद आहे? पडला, अशी? मग बाई, रेकॉर्डवर हात मोडलेलाच नाही. आणि पंच जर स्वतःच म्हणतोय की काही झालं नाही, तर पंचनामाही लंगडा होतो. मी नाही म्हणत नाही. बघतो." फाइल त्यांनी उजवीकडच्या गठ्ठ्यावर ठेवली. गठ्ठा उंच होता.

वीस तारीख गेली. एकवीस, बावीस. डंपर भरून गेटच्या आत उभे, पोकलेन उभं, माणसं पत्ते खेळतायत. दुपारी आभाळ भरून यायचं आणि आसावरीचा जीव अर्धा व्हायचा. खड्डा मैदानाएवढा उघडा पडला होता, आणि उतारावर, मोडलेल्या भेंडीच्या पलीकडे, विहीर.

तेवीस तारखेला तिला संदेशने हौसाबाईबद्दल सांगितलं. हौसाबाई म्हणजे उत्तमची आई, सखारामची वहिनी, आणि गावातली सगळ्यात जुनी धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी, विधी सांगणारी बाई ती. भटजी नंतर, धवलारीण आधी. मांडवाची पहिली मेढ तिच्या हाताने उभी राहते, तिच्या गाण्यावर. "आणि मॅडम, चिंचखारची रीत आहे," ओठाच्या टाक्यांमुळे संदेश अडखळत बोलत होता, "जिने मेढ रोवली तिनेच ती उपटायची. तिने उपटली की मांडव उठला. मग कुणाच्या बापाला तो ठेवता येत नाही."

घ्या! आसावरीने कलेक्टरपासून वॉर्ड ऑफिसपर्यंत मांडवाची परवानगी कुणी दिली ते शोधलं होतं, आणि परवानगी देणारी बाई गल्लीच्या टोकाला सुकट निवडत बसली होती.

ती गेली. हौसाबाईने पायरीवर जागा दिली. दिराचा हात मोडला हे तिला ठाऊक होतं, पण विहिरीवर पडून मोडला, असंच तिला सांगितलेलं होतं. आता इथे खरं सांगायला पाहिजे. आसावरीला म्हातारीची दया आली, हे खरं. आणि आपल्याला रस्ता मिळेल हेही तिच्या मनात त्याच वेळी होतं. तिने सगळं सांगितलं, आणि शेवटचं वाक्य तिने जाणूनबुजून, सावकाश सांगितलं.

"मावशी, तो बांबू तुमच्या मांडवाचा होता. पिवळं कापड होतं त्याला. मी डोळ्यांनी पाहिलं."

हौसाबाईचे हात सुकटीत थांबले. "हलदीच्या मांडवाचा?"

"हो."

म्हातारी उठली. सूप उचलून आत गेली आणि दार लावून घेतलं.

चोवीस तारखेला सकाळी दहा वाजता ती गल्लीत उतरली. नऊवारी, कपाळ मोकळं, हातात पार, म्हणजे खणायची लोखंडी पहार. आसावरी गेटवर होती. तिथून गल्ली सरळ दिसायची. हौसाबाई मांडवाखाली मेढीशी बसली आणि तिने खणायला सुरुवात केली. पाच मिनिटांत पन्नास माणसं जमली. कुणी जवळ जाईना.

उत्तम आला तो बनियनवर, धावत. "आये! येरी झालीस कं? सोर!"

"माजे मांडवाचे बांबून तू माजे दिराला मारलास," हौसाबाई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण गल्लीत सगळ्यांनी ऐकला. "मांडव बाटला. उठला."

उत्तमने तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. ती पडली, परत उठली, परत मेढीला बिलगली. मग त्याने आईच्या थोबाडीत मारली. तिचं डोकं मेढीवर आपटलं आणि कानामागून रक्त आलं.

सखाराम प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून घरातून निघाला होता. लोक म्हणतात तो धावला. सत्तरीचा माणूस धावतो तेवढाच धावला. "हात नको लावू वयनीला!" म्हणत तो दोघांच्या मध्ये शिरला. उत्तमच्या हाताला पार लागली. त्याने ती फिरवली. कुणाला मारायची होती, आईला, काकाला की नुसतीच धाक दाखवायला, ते त्याचं त्यालाच माहीत. ती सखारामच्या डोक्यात, कानाच्या वर बसली. नारळ फोडल्यासारखा आवाज आला.

त्यानंतर गावाने जे केलं ते बघवत नव्हतं. आजवर ज्याला घाबरले त्याच्यावरच तुटून पडले. आईवर हात टाकलेला माणूस! ज्या पोरांनी संदेशला लाथा घातल्या होत्या तीच पोरं आता उत्तमला घालत होती. बांबू खेचले गेले, मांडव कलला, लोखंडी पाइप खणखणत पडले आणि पिवळं कापड सगळ्यांच्या डोक्यावर आलं. कापडाखालून उत्तमचा आवाज येत होता, मग येईनासा झाला. बाया ओरडत होत्या. एका म्हाताऱ्याने दगड उचलला तो दोघांनी हिसकावून घेतला. शेवटी उत्तमला गेटपर्यंत फरफटत नेऊन भिंतीशी फेकलं, तोंडाचा नुसता लगदा, पण श्वास चालू होता.

आणि रस्ता मोकळा झाला.

आसावरी सखारामपाशी पोहोचली. तो स्वतःच्या ओट्यावर बसला होता, गेटपासून दहा पावलांवर. कुणीतरी डोक्याला टॉवेल बांधला होता, तो लाल होत होता. पण तो बोलत होता, पाणी पीत होता.

"बगतेस काय?" तो म्हणाला. "गाऱ्या कार. परत घालतील मांडव."

संदेश धावत आला. "मॅडम, ॲम्ब्युलन्स बोलावलीय. गाड्या थांबवू ना?"

"किती वेळ लागेल तिला?"

"कल्याणहून यायचं. अर्धा तास तरी."

गल्लीतून डंपर जायला चार मिनिटं. अकरा भरलेले डंपर गेटच्या आत उभे. पंधरा-वीस मिनिटांत सगळे बाहेर. एकदा गाड्या रस्त्यावर आल्या की दिवसभर रांग लागेल, गाव आज तरी अडवणार नाही. आठ दिवस हातात होते. आसावरीने सखारामकडे पाहिलं. त्याने डाव्या हाताने 'जा, जा' अशी खूण केली.

"काढ," ती म्हणाली.

"पाइप, बांबू पडलेत वाटेत. दहा मिनिटं द्या, बाजूला करतो."

"दहा मिनिटं नाहीत, संदेश! काढ गाड्या!"

ताडपत्र्याही बांधल्या नाहीत. एरवी ताडपत्रीशिवाय गाडी सुटली तर तिने ड्रायव्हरला सोलून काढला असता. अकरा डंपर एकामागे एक, नाकाला शेपूट लावून गल्लीत शिरले. पहिला संदेशचा. तो नाक्यापासून वीस मीटरवर पोहोचला आणि मोठा धडाका झाला. मांडवाचा पाइप पुढच्या चाकात शिरून टायर फुटला होता. गाडी कलली, भिंतीत रुतली आणि थांबली. तिच्यामागे दहा गाड्या, दोन्ही बाजूंना वीतभर जागा.

आणि त्या दिवशी ॲम्ब्युलन्स लवकर आली. आयुष्यात कधी लवकर न येणारी ॲम्ब्युलन्स नवव्या मिनिटाला गल्लीच्या तोंडाशी उभी होती, भोंगा वाजवत.

तेव्हाच ओट्यावर सखारामने वांती केली. मग त्याची मान कलली, एक डोळा मोठा झाला आणि बोलणं बरळल्यासारखं व्हायला लागलं. आसावरीने हाक मारली. त्याने तिला बायकोच्या नावाने उत्तर दिलं.

"मागे घ्या!" ती डंपरवर हात आपटत ओरडली. "मागे घ्या गाड्या!" मागे घेणार कशा? शेवटची गेटात घ्यायची, मग तिच्या पुढची, अशा दहा, वाकड्या गल्लीतून. तीन गाड्या मागे यायला वीस मिनिटं लागली. भिंत आणि गाड्या यांच्यामधून माणूस आडवासुद्धा जाईना.

मग पोरांनी त्याला चादरीत घातला आणि गाड्यांवरून न्यायचं ठरवलं. बाकीचं गाव गाड्यांच्या पलीकडे अडकलेलं, एक कोपरा धरायला माणूस कमी पडत होता. उत्तम उठला. नाक फुटलेलं, एक डोळा गेलेला, धड उभं राहता येत नव्हतं त्याला, पण त्याने चादरीचा कोपरा धरला आणि कुणी त्याला हाकललं नाही. आठ डंपर उरले होते. मागून जांभळ्या मातीत चढायचं, मग टपावर, मग बोनेटवर, की पुन्हा पुढच्या गाडीच्या मातीत. पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते. चादर खाली घासत होती. एका गाडीवरून दुसरीवर जाताना चादर सुटली आणि सखाराम मातीत पालथा पडला. त्याला उलटा केला तेव्हा तोंडात, दाढीत, डोक्याच्या जखमेत सगळीकडे जांभळं. आसावरी मागून चढत होती, हातांनी त्याचं तोंड पुसत होती, आणि हात तसेच जांभळे असल्यामुळे ते पुसलं जात नव्हतं.

सगळ्यात पुढच्या, संदेशच्या गाडीवर पोहोचले तेव्हा ॲम्ब्युलन्सचा डॉक्टर वर चढून आला. त्याने नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि बॅटरी बंद केली.

"डोक्यात आत रक्त साचलं," तो म्हणाला. "अर्धा तास आधी मिळाला असता तर काहीतरी करता आलं असतं."

उत्तम तिथेच मातीत बसला आणि लहान मुलासारखा भोकाड पसरून रडला. पोलिसांनी त्याला तिथूनच नेलं. या वेळी कुणी 'पडला' म्हणालं नाही. मुलाचं नाव हौसाबाईने स्वतः सांगितलं.

त्या संध्याकाळी कल्याणच्या साहेबांचा फोन आला. त्यांनी बातमी ऐकली होती, त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. "बाई, आता कारण रेकॉर्डवर आलं," ते हळू आवाजात म्हणाले. "एफआयआर जोडा. मयताचा उल्लेख करा. मी उद्याच फाइल वर पाठवतो."

आसावरीने अर्ज लिहिला. लिहिताना दोनदा उठून हात धुतले. 'रस्त्याच्या अडथळ्यामुळे एका पंचाचा मृत्यू झाला' असं लिहिलं, कुणी अडथळा केला ते लिहिलं नाही. सत्तावीस तारखेला पत्र आलं. साठ दिवस मंजूर. खड्ड्यावर पावसाआधी प्लास्टिक अंथरायलाही परवानगी मिळाली. वर हवा तेवढा पोलीस बंदोबस्त.

दहाव्याच्या दिवशी गल्लीतून गाड्या शिस्तीत जात होत्या, ताडपत्री बांधून, एका वेळी एक. नाक्यावर शिट्टी घेतलेला माणूस उभा होता. हौसाबाई नदीवरचा विधी उरकून घरी चालली होती, डोक्याला पांढरी पट्टी. गेटपाशी ती थांबली. आसावरी पुढे झाली.

"किती दिवस मिलाले तुना?" हौसाबाईने विचारलं.

"साठ."

म्हातारीने मान हलवली. समोरून डंपर येत होता म्हणून ती भिंतीला चिकटून उभी राहिली, तो जाऊ दिला, मग पदर सावरला.

"माजे दिराला अर्दा तास पायजे व्हता, बाय," ती म्हणाली, आणि घराकडे चालू लागली.